एप्रिलमध्ये डोंगरात निघालाय? सामान घ्यायला सगळे एकदम या

जानेवारीत सोलापुरातली गड्ड्याची यात्रा संपली की ट्रेकचं सामान भाड्यानं देणाऱ्या आमच्या दुकानात फोन सुरू होतात. एप्रिलमध्ये पाच-सहा मित्र मिळून हिमालयात जायचंय, टेंट काय भाव, सॅक काय भाव. भाव सांगतोच आम्ही, बोर्डावर लावलेलेच आहेत, पण खरा घोळ भावाचा नसतोय. घोळ असा होतो की ग्रुपमधला एकेक जण वेगवेगळ्या दिवशी येतो, आपापल्यापुरतं सामान घेऊन जातो, आणि मग सगळं मिळून बघितलं तर तीन स्टोव्ह, चार चाकू, सहा पॉवर बँक आणि टेंट मात्र एकच, तोही दोघांचा. म्हणून हे पत्रक छापलंय. सामान घ्यायला सगळे एकदम या, आणि यायच्या आधी कुठंतरी चहाला बसून खालच्या गोष्टी ठरवून या. तसं केलं तर बरंच सामान लागतच नाही. आमचं भाडं कमी होतं ते होऊ द्या, पाठ तुमची आहे.

कुठं आणि किती दिवस

लोक फक्त चालायचे दिवस मोजतात. पाच-सहा दिवस ट्रेक म्हणजे आठवड्याची रजा टाकली की झालं, असं नसतंय. हर की दूनचंच घ्या, उत्तराखंडातली उंचावरची दरी आहे, पहिल्यांदा जाणाऱ्या ग्रुपला आम्ही बहुतेक वेळा हाच सुचवतो. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेस सरळ नवी दिल्लीला जाते, तिथून रात्रीतून डेहराडून, आणि डेहराडूनहून मसुरी, पुरोला, मोरी असं करत ट्रेकच्या पायथ्याच्या सांकरी गावाला पोचायला आख्खा दिवस जातो. म्हणजे डोंगरात पहिलं पाऊल टाकायच्या आधीच तीन दिवस संपले, येताना परत तेवढेच. अकरा-बारा दिवस हातात नसतील तर हा बेत करूच नका.

रेल्वेचं रिझर्वेशन १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. एप्रिलच्या मध्याला निघायचं तर फेब्रुवारीच्या मध्यात तिकीट काढावं लागणार, आणि कोण येणार कोण नाही हे त्याच्या आत पक्कं पाहिजे. "बघू बे, सांगतो" म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, त्याला तिकीट उघडायच्या आदल्या रात्रीपर्यंत मुदत द्या, नंतर नाही. सहा जणांचं ठरून चौघंच निघाले की टेंट, किराणा, जीपचं भाडं सगळं गणित बदलतं.

एप्रिल का, तर बर्फ खालून वितळायला लागलेला असतो, बुरांश लाल फुललेला असतो, ओढ्यांना पाणी असतं आणि वर मात्र अजून बर्फ दिसतो. हर की दूनच्या टोकाला ३,५६६ मीटरवर उभं राहिलं की समोर स्वर्गारोहिणी, ६,२५२ मीटर. पांडव स्वर्गाला निघाले ते ह्याच वाटेनं असं तिकडची माणसं सांगतात. वाट नदीच्या कडेकडेनं आहे, मध्ये गंगाड, ओसला अशी लाकडी घरांची जुनी गावं लागतात, त्यामुळं अगदीच निर्जन वाटत नाही. हा भाग गोविंद अभयारण्यात येतो, वनखात्याचा परवाना काढावा लागतो, आणि पहिल्यांदा जाताय तर सांकरीतूनच लोकल गाईड घ्या. तिथं पैसे वाचवू नका, दुसरीकडं वाचवा.

टेंट घेऊन जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. २०१८ मध्ये उत्तराखंड हायकोर्टानं बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्री मुक्काम करायला बंदी घातली. रीलमध्ये हिरव्या कुरणाच्या मधोमध पिवळा टेंट दिसतो आणि तसाच फोटो पाहिजे म्हणून लोक आमच्याकडं पिवळाच टेंट मागतात. टेंट पिवळा देऊ, पण कुठं लावायचा ते तिथल्या वनखात्याला आणि गाईडला विचारूनच लावा.

ज्यांना टेंट उचलायचाच नाही त्यांच्यासाठी दार्जिलिंगकडचं संदकफू आहे, ३,६३६ मीटर, मानेभंज्यांगहून सुरुवात होते, वाटेत राहायला ट्रेकर्स हट आणि घरगुती सोय आहे, एप्रिलमध्ये मॅग्नोलिया आणि गुरांस (तोच बुरांश) फुलतो. तिथं जाणार असाल तर आमच्याकडून फारसं काही लागणार नाही, सॅक आणि स्लीपिंग बॅग फक्त.

आणि रजाच मिळत नसेल तर आपला सह्याद्री आहेच, पण फेब्रुवारीतच उरका. मार्चच्या मध्यानंतर सॅक घेऊन दिवसभर कातळावर चालणं म्हणजे आपल्या उन्हाची सवय असलेल्यालाही जड जातं, गडावरची बरीच टाकी आटलेली असतात किंवा पाणी पिण्यासारखं राहत नाही. माणशी चार लिटर पाणी खालूनच उचलायचं. पळस, पांगारा बघायला मिळतो हे खरं. गवत वाळलेलं असतं, चूल पेटवली की वणवा लागायला वेळ लागत नाही, त्यामुळं शेकोटी नाहीच. आणि कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर धूर नाही, आरडाओरडा नाही, सेंट मारून जायचं नाही, गपचूप लांबून निघायचं.

थंडीचा हिशोब

एप्रिलमध्ये इथं पारा चाळिशीला टेकलेला असताना दुकानात बसून कुणाला पटत नाही की तिथं गोठतं म्हणून. साधा हिशोब आहे, दर हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा अंश कमी होतात. सोलापूर साडेचारशे मीटरच्या आसपास, तुम्ही जाणार साडेतीन हजारांवर, म्हणजे वीस अंश तर नुसत्या उंचीचे गेले, त्यात ते उत्तरेला, शेजारी बर्फ. एप्रिलच्या सुरुवातीला वरच्या मुक्कामावर रात्री शून्याच्या खाली जाऊ शकतं असं धरूनच सामान घ्या.

स्लीपिंग बॅगवर दोन आकडे लिहिलेले असतात, एक कम्फर्ट आणि एक लिमिट. तुम्ही कम्फर्टचा आकडा बघायचा. लिमिट म्हणजे त्या थंडीत माणूस अंग आक्रसून कशीबशी रात्र काढेल एवढंच. दुकानदार बऱ्याचदा मोठ्यानं लिमिटचाच आकडा सांगतात, कारण तो भारी वाटतो. आम्ही शून्य अंश कम्फर्टची बॅग देतो, थंडी जास्त वाजणाऱ्यांनी आतून लायनर, म्हणजे बॅगेच्या आत घालायची पातळ पिशवी, घ्यावा. आणि बॅगेएवढीच महत्त्वाची खालची मॅट. अंगाखाली बॅगेतलं भरण दबून जातं आणि जमीन रात्रभर ऊब ओढून घेते, त्यामुळं भारी बॅग घेतली पण मॅट नको म्हणणाऱ्याला आम्ही बॅग द्यायलाच तयार नसतो.

चादरीबद्दल सांगायलाच पाहिजे, कारण प्रत्येक वेळी कुणाची तरी आई ती सॅकमध्ये कोंबतेच. आपली सोलापुरी चादर घरी ठेवा. जगात भारी आहे ह्यात वाद नाही, पण सुती आहे, वजनदार आहे, आणि एकदा ओल लागली की डोंगरात वाळत नाही. तेच जीन्सचं, तेच सुती बनियनचं. घाम आला, वारा सुटला की ओलं सुती कापड अंग गार करत राहतं. आत पॉलिस्टरचा किंवा लोकरी टीशर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, एवढे तीन थर पुरतात. चालताना फ्लीस काढायचं, थांबलं की लगेच घालायचं. झोपायचे कपडे वेगळे, एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ते घालून चालायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

बूट आम्ही भाड्यानं देत नाही. दुसऱ्याच्या पायाला घडलेला बूट तुमच्या पायाला लागणारच. स्वतःचा घ्या, निदान महिनाभर आधी घ्या, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा जाड मोजे घालून ट्राय करा, आणि घरात, बाजारात, ऑफिसात घालून फिरा. टाच कुठं गरम वाटायला लागली तर फोड यायच्या आधीच तिथं टेप लावायचा. निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं कापा, उतारावर बोटं पुढं आदळतात तेव्हा कळतं ते का सांगितलं.

सॅक

आमच्या दुकानात दहा किलो ज्वारी असते, दोन-दोन किलोच्या पाच पिशव्यांत भरलेली. तुम्ही सॅक निवडली की ती ज्वारी त्यात भरतो आणि तुम्हाला मागच्या जिन्यानं वर-खाली चार-पाच फेऱ्या मारायला लावतो. पहिल्या फेरीला सगळे हसतात, तिसऱ्या फेरीला खांद्याचे पट्टे ओढायला लागतात, आणि तेव्हा आम्ही कमरेचा पट्टा सोडून परत बांधून देतो. तो पोटावर बांधायचा नसतो, दोन्ही बाजूला हाताला लागणारी जी हाडं आहेत त्यांच्यावर बसला पाहिजे. बसला की वजन खांद्यावरून उतरून कमरेवर जातं, आणि माणसाचा चेहराच बदलतो. सॅकची पाठ लांब पडत असेल तर पट्टा कधीच नीट बसत नाही, म्हणून उंची सारखी असली तरी मित्राला बसलेली सॅक तुम्हाला बसेलच असं नाही. ह्याच्यासाठीच म्हणतो, एकानं सगळ्यांची सॅक उचलून नेऊ नका.

पन्नास ते साठ लिटरची सॅक पुरते. सत्तरची मागू नका, जागा असली की माणूस भरतोच. भरलेली सॅक तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास ठेवा, ६५ किलोचा माणूस असेल तर १३ किलो, पाण्यासकट. भरायची अशी की तळाला स्लीपिंग बॅग, जड वस्तू मध्यभागी पाठीला चिकटून, आणि रेनकोट, खाऊ, टॉर्च वर हाताशी. आतून एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी लावा आणि सगळं तिच्यात भरा, नुसतं बाहेरचं रेनकव्हर वाऱ्यानं उडतं आणि पाठीकडनं पाणी आत जातंच.

आता ग्रुपचं सामान. तिघांचा म्हणून लिहिलेला टेंट म्हणजे सामान आत घेऊन दोघं आरामात, तिघं चिकटून. टेंट एकाच्याच डोक्यावर मारू नका, एकानं आतला भाग घ्यावा, दुसऱ्यानं बाहेरचं कव्हर आणि काठ्या. सहा जणांना स्टोव्ह दोन, भांडी एकच सेट, औषधाची पेटी एकच, पॉवर बँक तीन खूप झाल्या. ताट-वाटी-चमचा आणि हेडटॉर्च मात्र प्रत्येकाचा स्वतःचा. दुकानात सगळे आलात की आम्ही फरशीवर सगळं पसरतो, कोण काय उचलणार ते तिथंच वाटून देतो, काट्यावर सॅक ठेवून वजन बघतो. ह्यात तास-दीड तास जातो, रविवारी सकाळी या, गर्दी नसते.

गॅस आणि खाणं

गॅसचे कॅन आम्ही सोलापुरात देत नाही, मागू नका. रेल्वेत गॅस, रॉकेल, पेट्रोल असलं काही नेणं हा गुन्हा आहे, रेल्वे कायद्याच्या १६४ कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. विमानातही चालत नाही, ना केबिनमध्ये ना खाली. उलट पॉवर बँक विमानात जवळच ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही. कॅन डेहराडूनला विकत घ्या, स्टोव्हचं तोंड त्या कॅनला बसतंय का ते तिथंच दुकानात लावून बघा.

साध्या कॅनमध्ये ब्युटेन असतो, आणि ब्युटेनचा गॅस व्हायला शून्याच्या वर तापमान लागतं. पहाटे बाहेर ठेवलेला कॅन हलवला तर आत खळखळतंय, पण ज्योत मात्र मेणबत्तीएवढी. अशावेळी कॅन खराब आहे म्हणून शिव्या घालू नका. आयसोब्युटेन-प्रोपेन मिक्स मिळालं तर ते घ्या, नाही मिळालं तर रात्री कॅन स्लीपिंग बॅगेत पायाशी घेऊन झोपा. आणि कितीही वारा असू दे, टेंट बंद करून आत स्टोव्ह पेटवायचा नाही. आग लागायची भीती आहेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइड जमा होतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशाच्या आसपासच उकळतं, त्यामुळं कुकर नसेल तर तूरडाळ शिजता शिजत नाही, गॅस मात्र संपतो. डाळ-तांदूळ घरी भाजून-भरडून न्या किंवा सरळ पोहे, रवा, शेवया, ओट्स असलं काहीतरी. ह्या बाबतीत सोलापूरकर नशीबवान आहे. कडक भाकरी आणि शेंगा चटणी ह्याच्याइतकं ट्रेकचं खाणं दुसरं नाही, शिजवायचं नाही, महिनाभर काही होत नाही, पोटाला आधार मिळतो. फक्त कडक भाकरी नुसती पिशवीत टाकली तर दुसऱ्या दिवशी भुगाच निघतो, म्हणून पसरट स्टीलच्या डब्यात उभी रचून, मधल्या फटीत रुमाल किंवा मोजे कोंबून न्या. भुगा झालाच तर गरम सूपमध्ये चुरून खा, वाया जात नाही. चटणी दोन पिशव्यांत गुंडाळा, तेल सुटतं. सकाळी तीच चटणी घट्ट ढेकूळ झालेली दिसेल, शेंगदाण्याचं तेल थंडीत थिजतं, खराब झालेली नसते. माणशी दिवसाला सहाशे-सातशे ग्रॅम कोरडं खाणं धरा, त्यापेक्षा जास्त नेलेलं बहुतेक परत येतं.

खाल्ल्यावर राहिलेली पाकिटं, वेष्टनं परत आणा. एक जाड पिशवी त्यासाठी वेगळी ठेवा. संडासला जाताना पाण्यापासून साठेक मीटर लांब, वीतभर खड्डा खणून, परत बुजवून. खुरपं आम्ही फुकट देतो, ते तरी न्याच.

उंची

आपण सगळे सपाटीची माणसं. साधारण २,५०० मीटरच्या वर डोकं दुखणं, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं सुरू होऊ शकतं, आणि ते रोज जिमला जाणाऱ्यालाही होतं, त्याचा ताकदीशी संबंध नाही. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर सरकवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. दिवसा वर जाऊन खाली झोपायला आलं तर चालतं, म्हणून हर की दूनला सुद्धा खालच्या मुक्कामावरून पहाटे निघून जाऊन परत यायचं ठरवा. लक्षणं असताना वर जायचं नाही. कुणी चालताना झोकांड्या द्यायला लागला, बसल्या जागी धाप लागली, बोलणं बरळल्यासारखं झालं तर सकाळची वाट न बघता तिथल्या तिथं खाली उतरवायचं, आणि त्याच्याबरोबर कुणीतरी जायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी लोक एकमेकांना चण्यासारखी वाटतात. तसं नको, आधी डॉक्टरला विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर नक्कीच. बीपी, दमा, शुगर असेल तर ते ग्रुपमधल्या एकाला तरी माहीत पाहिजे.

तयारीला सोलापुरात डोंगर नाही हे खरं, पण जिने आहेत. हुतात्मा बागेत चालणं चांगलंय, त्यानं दम वाढतो, उतारासाठी लागणारे गुडघे मात्र जिन्यानंच तयार होतात. आठवड्यात तीन दिवस, सॅक पाठीवर घेऊन, महिनाभर तरी. जमलं तर एक शनिवार-रविवार राजगड किंवा तोरण्याला सगळे मिळून जा. तिथं कळतं कोण सकाळी उठत नाही, कोण पुढं पळतो आणि कोण काही न बोलता मागं राहतो.

त्याच्यावरून ठरवा की सगळ्यात हळू चालणारा कायम पुढं आणि अनुभवी माणूस शेवटी. परत फिरायचा निर्णय कुणाचा, हे सोलापुरातच ठरलं पाहिजे, वर बर्फात उभं राहून मतदान घेता येत नाही. बर्फाचा टप्पा सकाळी लवकर पार करा, दुपारी तो मऊ होतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि हवाही बहुतेक दुपारीच बिघडते. सांकरीच्या पुढं मोबाईलच्या भरवशावर राहू नका, नकाशा आधीच डाऊनलोड करा, रोजचा मुक्काम कुठं ते घरी लिहून द्या, आणि गळ्यात शिट्टी ठेवा. मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट गप्प, मग परत सहा, ही मदतीची खूण डोंगरात सगळीकडं चालते. रेंज असेल तिथं ११२.

भाड्याचं

ओळखपत्राची झेरॉक्स आणि डिपॉझिट लागतं, ते ग्रुपमधल्या एकाच्याच नावावर घेतो, परत पण त्यालाच देतो, त्यामुळं कुणाच्या नावावर ते भांडण आधी मिटवून या. प्रवासाच्या दिवसांचं भाडं आम्ही लावत नाही, ट्रेकच्या दिवसांचंच लावतो. टेंट नेण्याआधी दुकानाच्या गच्चीवर एकदा स्वतःच्या हातानं उभा करून दाखवायचा, काठ्या आणि खुंट्या मोजून घ्यायच्या, आम्ही सहीसाठी कागद देतो त्यावर आकडा लिहिलेला असतो. परत देताना टेंट ओला असेल तर ओला आहे म्हणून सांगा, आम्ही वाळवतो, त्याचे पैसे नाहीत. न सांगता गुंडाळून दिला तर चार दिवसांत बुरशी धरते आणि मग ते डिपॉझिटमधून जातं. चेन अडकली, काठी मोडली, तर ओढाताण न करता तसंच आणा, दुरुस्तीला जो खर्च येईल तेवढाच घेतो.

बुधवारी दुकान बंद असतं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शून्य अंशाच्या बॅगा संपतात, त्यामुळं रेल्वेचं तिकीट निघालं की त्याच आठवड्यात येऊन नाव लिहून जा.